दोघींची सायकल, दोन खोकी

३ मार्च, मंगळवार

टँडेम सायकल स्वीकारली जाणार नाही. पान सात, नियम अकरा, शेवटून दुसरी ओळ. तीनदा वाचली. चष्मा पुसून चौथ्यांदा वाचली. ओळ तीच!

आणि ही सापडावी कधी — तिकिटं काढून झाल्यावर. सव्वीस वर्षं टपाल कचेरीत पार्सलच्या खिडकीमागे बसते आहे. येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवते, "आधी नियम वाचायचा, मग खोकं बांधायचं." आणि स्वतः? आधी तिकीट, मग नियम. कचेरीत कुणाला सांगायची सोय नाही. वर्षभर पुरेल त्यांना.

वन्संला मात्र सांगावं लागलं. ती वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. हात न थांबवता म्हणाली, "का पण? साध्या सायकली नेतात ना?"

नेतात. हँडल वळवा, पेडल काढा, टायरमधली हवा सोडा, खोक्यात घाला, तेवीस किलोच्या आत ठेवा — झालं. पण ती एका माणसाची सायकल. आपली दोघींची. चाकं काढली तरी सांगाडा पावणेदोन मीटर उरतो.

"म्हणजे माझीच सीट जास्त होते आहे," वन्सं म्हणाली. हसत म्हणाली. मला नाही हसू आलं.

५ मार्च, गुरुवार

ह्यांना आज कळलं. पेपर खाली न घेता म्हणाले, "बरं झालं."

म्हटलं, बरं काय झालं?

"विमान कंपनीला तरी अक्कल आहे."

पुढे बोलले नाहीत, पण मला ऐकू आलं. गेल्या ऑक्टोबरातलं ते वळण. वाळू होती, मी घाबरून ऐन वळणात ब्रेक दाबला, दोघी आडव्या. मला खरचटलंसुद्धा नाही. वन्संचं खांद्याजवळचं हासळीचं हाड मोडलं. तेव्हापासून हे माझ्याशी सायकलीबद्दल बोलतात तेव्हा पेपराआडूनच बोलतात. त्यांची एकुलती धाकटी बहीण. सत्तावीस वर्षांपूर्वी डोळे गेले तेव्हा ती सतरा वर्षांची होती. मी या घरात आले तेव्हा वीस. सासूबाई म्हणाल्या, हिला वन्सं म्हणायचं. म्हणायला लागले. मान वगैरे काही नाही हो, आता ते तिचं टोपणनावच झालंय.

हात गळ्यात अडकवलेला असताना या बाईने काय केलं? परदेशातल्या त्या डोंगरी सायकलफेरीत आमची दोघींची नावं घातली! मला न विचारता. दोन दिवस, एकशे चाळीस किलोमीटर, मधोमध खिंड. पहिल्या दिवशी दुपारी दोनच्या आत खिंडीवर पोहोचायचं. नाही पोहोचलात तर मागून बस येते आणि उचलून घेऊन जाते.

मी म्हटलं होतं, "मी पाडलं तुला, आणि तू माझ्याच मागे बसणार?"

"मग कुणाच्या मागे बसू? रस्ता तुलाच माहीत आहे ना आता — कुठे ब्रेक मारायचा नाही तो!"

९ मार्च, सोमवार

विमान कंपनीला फोन. पस्तीस मिनिटं तीच धून. मग एक बाई आली, सर्दी झालेली.

"बॅडब, टँडेब चालत नाही."

म्हटलं, दोन भाग केले तर?

"तसं नियबात नाही."

"नियमात नाही म्हणजे मनाई आहे, की लिहिलेलंच नाही? दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

मग तो स्वर — थंड, सरळ, ना राग ना लोभ. "आपला वेळ दिल्याबद्दल आभारी आहोत." फोन बंद.

तो स्वर मी ओळखते. माझाच आहे! रोज आठ तास लावते लोकांना. कसं वाटतं ते आज कळलं.

११ मार्च, बुधवार

काय चालणार नाही ते नियम सांगतो. काय चालेल ते आपण शोधायचं.

१४ मार्च, शनिवार

सापडलं! सापडलं! सापडलं!

अकरावा नियम कशाला धरून बसले होते मी? तो खेळाच्या सामानाचा. चौथा नियम बघ ना बाई — साधं सामान! दर प्रवाशाला एक नग. लांबी, रुंदी, उंची मिळून एकशे अठ्ठावन्न सेंटिमीटर. वजन तेवीस किलो. आत काय असावं याची अट नाही. काय नसावं त्याची यादी आहे, ती सगळी वाचली: बॅटऱ्या, गॅसच्या नळकांड्या, फटाके, रंग. लोखंडी नळ्या कुठेच नाहीत!

प्रवासी दोन, नग दोन. ६६ आणि ६६ आणि २६. बेरीज बरोबर १५८. टेप घेऊन खाली बसले. टायर काढलं की चाक सहासष्टात आरामात बसतं. उरला सांगाडा. तो अख्खा बसायचा प्रश्नच नाही.

"कापला तर?" मी आपलं म्हटलं. म्हणजे बोलण्यात म्हटलं!

वन्सं म्हणाली, "आमच्याकडचा व्हीलचेअरवाला कापेल."

ती इस्पितळात फिजिओथेरपी करते. लोकांचे आखडलेले खांदे नि गुडघे सोडवते. पेशंट म्हणतात, बाईंच्या बोटांना डोळे आहेत. हे वाक्य कुणी उच्चारलं की त्या दिवशी त्याचा खांदा जरा जास्तच दुखतो.

१७ मार्च, मंगळवार

इस्पितळाच्या मागच्या आवारात पत्र्याची शेड. आत हात नसलेल्या खुर्च्या, चाक नसलेल्या खुर्च्या, एक पलंग उभा करून ठेवलेला. व्हीलचेअरवाला माझ्याच वयाचा, कपाळावर वेल्डिंगचा चष्मा, बोलताना बघतो सायकलीकडेच. तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. नळ्यांवर टिचक्या मारल्या.

"सहा ठिकाणी कापावी लागेल — दोन जागी, तीन-तीन नळ्या. तीन तुकडे. प्रत्येक कापाला आट्यांची कॉलर, म्हणजे नळीभोवती एक कडं बसवायचं, पान्याने आवळायची. सहा जोड." मग थांबला. "आणि प्रत्येक जोड म्हणजे एक शंका."

विचारलं, मजबुती?

"नीट आवळला तर नळीपेक्षा घट्ट. सैल राहिला तर—"

"तर?"

"तर सैल राहू द्यायचा नाही, बाई."

मी अजून विचारच करत होते. उताराला पन्नासचा वेग, मागे ती, खाली सहा शंका. ह्यांना काय सांगायचं? ऑक्टोबरात माझा हात चुकला होता, आता तर सायकलच—

"कापा," वन्सं म्हणाली.

कापताना मी बाहेर जाऊन उभी राहिले. तरी आवाज ऐकू आलाच. वन्सं आतच होती. नंतर म्हणाली, कापलेली कड चटका बसेल इतकी गरम असते आणि आत नळी पोकळ असते, बोट जातं. इतकी वर्षं आपण पोकळीवर बसून फिरत होतो, वहिनी!

१० एप्रिल, शुक्रवार

हे आज लवकर आले. बैठकीत गालिच्यावर तीन तुकडे मांडलेले.

"मोडली?" आवाजात काळजी होती, आणि थोडी आशाही होती असं मी इथे लिहून ठेवते.

"मोडली नाही. कापली."

हे खुर्चीत बसले. मग म्हणाले, "तुम्ही दोघी मिळून मला मारणार आहात." हे काही पेपराआडून नव्हतं. प्रगतीच म्हणायची.

१२ एप्रिल, रविवार

जोडलेल्या सायकलीवर पहिली फेरी. पहाटे, रिकामा रस्ता, नदीच्या बाजूने. दहा मिनिटं सगळं छान. मग वन्सं म्हणाली, "थांब."

मला काही ऐकू आलं नव्हतं.

"कुईं करतोय. डावा पाय खाली जातो तेव्हाच. माझ्या पायाजवळचा, खालचा जोड."

तशाच गेलो शेडमध्ये. रविवारी तो तिथे असेल असं वाटलं नव्हतं, पण होता. कॉलर उघडली. आट्यात केसाएवढा लोखंडाचा कीस अडकलेला. त्याने तो बोटावर घेऊन उजेडात धरला, मला दाखवला, मग वन्संच्या तळहातावर ठेवला. म्हणाला, "माझ्याकडून राहिला. चूक माझी." एवढं सरळ बोलणारा माणूस खूप दिवसांनी भेटला.

त्याने तिला शिकवलं. प्रत्येक कॉलरवर कानशीने खुणा केल्या — एक खाच, दोन खाचा, सहापर्यंत. दोन्ही बाजूंच्या खाचा समोरासमोर आल्या की मगच आवळायचं. ती दोनदा चुकली, तिसऱ्यांदा नाही. मी मात्र एका कागदावर आकृती काढून घेतली. कागद बरा.

२६ एप्रिल, रविवार

घाटात सराव. चढ ठीक. उताराला माझे हात लाकडासारखे होतात. दर वळणाला ब्रेक, दर वळणाला ब्रेक.

खाली आल्यावर वन्सं म्हणाली, "वहिनी, तू उताराला श्वास धरतेस."

"तुला कसं कळतं?"

"तुझी पाठ हलायची थांबते. मग मीही श्वास धरते. मग सायकलपण धरते. तिघींचा जीव मुठीत!" मग जरा वेळाने, हळू आवाजात: "पडलो ते पडलो गं. हाड जुळलं. तुझं कधी जुळायचं?"

टायरची हवा बघायचं नाटक केलं. तिला ते नाटक आहे हे कळलं असणारच.

४ मे, सोमवार

विमान कंपनीचं पत्र! ई-मेलने आलं, पण पत्रच ते. मी लिहिलेलं सातवं, त्यांचं आलेलं पहिलं, माणसाने लिहिलेलं. आधीची सहा उत्तरं "आपल्या संदेशाबद्दल आभारी आहोत" छापाची.

सातव्या वेळी मी सायकल हा शब्दच शेवटी टाकला. आधी मापं, मग वजन, मग नियम चार, मग प्रश्न — एकच, हो किंवा नाही उत्तर देता येईल असा. आमच्या खात्यात वरच्या साहेबाकडून उत्तर काढायचं तर असंच लिहावं लागतं.

उत्तर: "सुटे केलेले सायकलीचे भाग साध्या सामानाच्या मापात व वजनात बसत असल्यास ते साधे सामान समजले जातील."

समजले जातील! दोन प्रती छापल्या. एक पर्समध्ये, एक वन्संच्या खिशात. तिने विचारलं, मला कशाला, मी काय वाचणार? म्हटलं, तू वाचायचं नाहीस, समोरच्याच्या तोंडावर धरायचं.

२१ मे, गुरुवार

कचेरीतून वजनकाटा घरी आणला. साहेबांना विचारून.

खोकं एक: बावीस किलो तीनशे. खोकं दोन: तेवीस किलो चारशे. चारशे ग्रॅम जास्त! हे म्हणाले, "चारशे ग्रॅम कोण बघतं?"

मी बघते. शंभर ग्रॅमसाठी माणसं परत पाठवली आहेत मी. जगात माझ्यासारखी दुसरी बाई नसेल असं कशावरून?

पंप काढला. बरं, काढून ठेवायचा कुठे? हातातल्या पिशवीत पाना चालत नाही, पंपाचं विचारून घ्यावं लागेल. सीटवरची पिशवी काढली. परत मोजलं: तेवीस दोनशे. तोवर माझी कंबर गेली. वन्सं म्हणाली, "तू ऊठ. मी भरते."

तिने सगळं बाहेर काढलं. मी नळ्यांना गुंडाळलेला फुग्यांचा कागद, चार चार थर, सगळा उलगडला. "हे काय? बाळंतिणीला गुंडाळल्यासारखं!" जुने मोजे घेतले, प्रत्येक नळीच्या टोकाला एक मोजा. ह्यांचे सगळे विजोड मोजे कामी आले. चेन बाहेर, नंतर चेन आत, चाकांच्या मधे. सगळं एकमेकांत असं बसवलं की खोकं हलवलं तरी आवाज नाही.

बावीस किलो आठशे. हे बघत होते. म्हणाले, "माझे मोजे परदेशात निघाले, मी इथेच." पण म्हणताना हसले.

३ जून, बुधवार

विमानात बसून लिहिते आहे. अक्षर हलतंय. विमान नाही, मी! पण सगळं लिहिणार, एक शब्द सोडणार नाही.

काउंटरवर तरुण माणूस, दाढी कोरलेली. म्हणाला, "यात काय आहे?"

"सायकल."

"दोन?"

"एक. खोकी दोन."

त्याने पडद्यावर बघितलं, आमच्याकडे बघितलं. वन्संच्या पांढऱ्या काठीकडे बघितलं, आणि मला विचारलं, "यांच्याबरोबर कोण आहे?"

वन्सं म्हणाली, "मी आहे माझ्याबरोबर. विचारा काय ते."

बिचारा लाल झाला. मग मुद्द्यावर आला. सायकल खेळाच्या सामानात येते, आधी कळवायला हवं होतं. कुठल्या प्रकारची? टँडेम? टँडेम तर चालतच नाही. मी पत्र काढलं. त्याने वाचलं. वन्संने खिशातून दुसरं पत्र काढून त्याच्या तोंडासमोर धरलं — तेच पत्र! सांगितलं होतं ना धर म्हणून. त्याने तेही वाचलं, बिचाऱ्याने.

मग वरिष्ठ बाईंना बोलावलं. पन्नाशीच्या, चष्मा साखळीने गळ्यात, हातात टेप. टेप बघितला आणि ओळखलं. ही माझ्या जातीची!

वजन: बावीस तीनशे. बावीस आठशे. मान हलवली. मग माप. पहिलं खोकं बरोबर. दुसरं: सहासष्ट, सहासष्ट... आणि रुंदी तिने कडेला नाही मोजली. मधे मोजली, जिथे खोक्याचं पोट सुटलं होतं.

"सत्तावीस. एकूण एकशे एकोणसाठ. जास्त होतंय."

"कड मोजा ना, कडेला सव्वीसच आहे—"

"सगळ्यात रुंद जागा मोजायची असते, बाई."

आता काय बोलणार? खरं आहे. मीही तसंच मोजते. सव्वीस वर्षं तसंच मोजलं. मागे रांग. कुणीतरी घड्याळ बघतंय. एक सेंटिमीटर! एका सेंटिमीटरने डोंगर, खिंड, सगळं इथेच राहणार. माझ्याकडे नियम संपले होते.

"थांबा," वन्सं म्हणाली.

काठी माझ्या हातात दिली. खाली जमिनीवर गुडघे टेकले, दोन्ही तळवे खोक्याच्या पोटावर ठेवले, जसे पेशंटच्या पाठीवर ठेवते तसे. इकडून तिकडून चाचपलं. "पेडल फिरलंय. इथे आणताना आपटलं असेल." पट्टा सोडला, हात मनगटापर्यंत आत घातला, चेहरा वर, भिंतीकडे. आत काहीतरी खट् झालं. हात बाहेर. पट्टा आवळला. गुडघा देऊन आवळला.

"आता मोजा."

टेप लागला.

"सव्वीस." मग त्या बाईंनी परत मोजलं, दुसऱ्या जागी. मी असते तरी परत मोजलं असतं. "सव्वीस. बसलं."

रांगेत कुणीतरी टाळी वाजवली. एकच, पण वाजवली!

बाई चिठ्ठ्या चिकटवत होत्या. मी म्हटलं, कड मोजा म्हटलं त्याचा राग नसावा. चष्म्यावरून बघून म्हणाल्या, "तुम्ही कुठल्या खिडकीवर असता?"

"पार्सलच्या."

"वाटलंच," म्हणाल्या. आणि हसल्या.

४ जून, गुरुवार

एक खोकं आलं. दुसरं नाही.

५ जून, शुक्रवार

काल सामानाचा पट्टा फिरून फिरून थांबला तरी आम्ही तिथेच. तक्रार लिहून दिली. "उद्याच्या विमानाने येईल." उद्या म्हणजे आज, आणि फेरी उद्या सकाळी सातला. अर्धी सायकल कोपऱ्यात. पुढचं चाक, हँडल, माझी सीट. वन्सं म्हणाली, "तू एकटी जा एका चाकावर. सर्कशीत घेतील." मी ओरडले तिच्यावर.

आज दुपारी चारला खोकं खोलीच्या दारात आलं. कोपरा चेपलेला, आत सगळं शाबूत. मी आकृतीचा कागद शोधायला लागले. नाही. पर्स, पिशवी, पासपोर्टचं पाकीट — नाही. घरी वजनकाट्याखाली राहिला असणार. माझा धीर सुटला. सरळ पलंगावर बसून राहिले.

वन्संने बाही वर केली. "पाना दे."

एक खाच, एक खाच. दोन, दोन. मला नुसतं "धर" आणि "सोड" म्हणत होती. कुणी असे हुकूम सोडलेले मला चालत नाहीत. आज चालले. सहावी कॉलर आवळून झाल्यावर तिने सांगाडा उचलून जमिनीवर हलकेच आपटला आणि कान दिला.

"गप्प आहे," म्हणाली. "जेवायला चल."

पावणेसातला आमची सायकल भिंतीला टेकून उभी होती. अख्खी!

६ जून, शनिवार

पोहोचलो!!

एक वाजून बेचाळीस मिनिटं! बसला अठरा मिनिटं राखून!

मुक्काम खिंडीजवळच्याच सपाटीवर. पाय थकलेत, पण झोपायच्या आत, उजेड आहे तोवर लिहिते. सकाळी थंडी एवढी की बोटं ब्रेकला चिकटली. टँडेम अकरा होत्या. सुरुवातीला आमच्या पुढे सगळ्या, मग चढावर तीन मागे पडल्या. शेवटची पंधरा किलोमीटर नुसता चढ, नागमोडी. वन्सं मोजत होती, मोठ्याने, शंभर पावलं उजवी, शंभर डावी. मग मोजणंही थांबलं. नुसता श्वास.

साडेबाराला ती म्हणाली, "बस आली मागे."

मी वळून बघितलं. काही दिसेना.

"दोन वळणं खाली आहे. गिअर बदलतेय."

पाच मिनिटांनी दिसली. पिवळी, सावकाश, शिकार हेरणाऱ्या मांजरासारखी. एका टँडेमपाशी थांबली. दोघं उतरून चढले आत. परत निघाली.

मी म्हटलं, वन्सं, माझे पाय गेले.

"माझे आहेत ना. तू नुसती सरळ धर."

आणि खरंच! मागून असा जोर आला की मी नुसतं हँडल धरून होते. सत्तावीस वर्षं लोक हिला हाताला धरून रस्ता ओलांडून देतात. आज मला डोंगरावर कुणी आणलं ते मी इथे लिहून ठेवते: तिने!

खिंडीत दगडाचा एक खांब आणि घड्याळ लावलेला तंबू. उतरले तशी मी गवतावर पडलेच. वन्संने खांबाला हात लावला, वरपासून खालपर्यंत. मग वाऱ्याकडे तोंड करून उभी राहिली. विचारलं, काय करतेस? म्हणाली, "इथे कुठूनच आवाज परत येत नाही. दोन्हीकडे मोकळं आहे. असं मी कधी ऐकलंच नव्हतं."

७ जून, रविवार

उतार. बेचाळीस किलोमीटर उतार.

पहिल्या वळणाआधी हात लाकूड झाले. मागून एकच शब्द: "श्वास."

सोडला. वळणाच्या आधी ब्रेक, वळणात मोकळी. आधी ब्रेक, वळणात मोकळी. तिसऱ्या वळणानंतर मोजायचं सोडलं. सहाही जोड गप्प. मागे वन्सं किंचाळत होती, म्हणून घाबरून विचारलं, काय झालं? "काही नाही! आनंदाने!" मग मीही किंचाळले. बावन्न वर्षांची बाई, सरकारी नोकर!

शेवटच्या रेषेवर अकरांपैकी आठ टँडेम पोहोचल्या. आम्ही आठव्या. गळ्यात पदकं घातली. वन्संने विचारलं, पुढे कोण आलं? म्हटलं, सात. "आणि मागे?" म्हटलं, मागे कुणी नाही, उरलेल्या तीन बसमध्ये. "मग आपण शेवटच्या पहिल्या," म्हणाली.

१० जून, बुधवार

हे विमानतळावर आले होते. दोन्ही खोकी स्वतः उचलली. फोनवर नकाशात आमचा ठिपका दिसत होता म्हणे, दोन दिवस घराबाहेर न पडता तेच बघत बसले. "शनिवारी वर पोहोचल्यावर एक तास ठिपका हललाच नाही! मला काय वाटलं असेल?"

"सूप पीत होतो," वन्सं म्हणाली.

घरी आल्यावर जिन्यात, खोकं खांद्यावर असताना, मागे न बघता मला म्हणाले, "चांगली चालवलीस." दोनच शब्द. ऑक्टोबरपासून वाट बघत होते मी.

१३ जून, शनिवार

व्हीलचेअरवाल्याने सगळे आटे भिंगातून तपासले. "एकही झिजलेला नाही." पदक त्याच्या खिळ्याला लटकवून आलो.

२८ जून, रविवार

सकाळच्या चहाला वन्सं म्हणाली, इस्पितळाजवळ खोली घेतली आहे. एक खोली, एक ओटा. बुधवारपासून तिथे राहणार. एकटी.

हे उठून उभे राहिले. "एकटी? काय कमी आहे इथे तुला? कोण काय बोललं?" मग माझ्याकडे बघितलं. मी नाही म्हणावं म्हणून. मी नाही म्हटलं तर ती थांबली असती, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

मी म्हटलं, "खिडकी कुठल्या बाजूला आहे?"

"रस्त्याच्या," वन्सं म्हणाली. "आवाज छान येतो."

मग मी कप उचलून आत गेले, नळ पूर्ण सोडला आणि रडले. भरपूर. चोवीस वर्षांचं.

दारातून आवाज आला, "वहिनी, झालं असेल तर नळ बंद कर. पाणी वाया जातंय."